हातोडी थांबवू नये

तांबटांच्या आळीतले ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. पुण्यात चावडीवर मी वीस वर्षे काढली. चोऱ्या, मारामाऱ्या, खोटे वारस, विहिरीत सापडलेल्या सुना, असे बरेच पाहिले आणि त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहे. हे एक मिसळत नाही. चोर सापडले, त्यांना शिक्षा झाली, निर्दोष बाई सुटली. कागदावर याहून चांगला निकाल लागत नाही. तरी हा निकाल मी आजवर कुणाला अभिमानाने सांगितलेला नाही.

माझे काम काय होते ते आधी सांगते. माझा नवरा चावडीवर जमादार होता. तो वारल्यावर कोतवालांनी मला बायकांच्या कोठडीवर नेमले. बायकांची झडती पुरुषाने घ्यायची नाही आणि बऱ्याच घरच्या बायका परपुरुषासमोर तोंड उघडत नाहीत, म्हणून सरकारला माझ्यासारखी एक बाई लागायची. पहिली दोन वर्षे मी जबान्या तोंडी सांगत असे आणि आमचे कारकून त्या लिहून घेत. आम्ही त्यांना पंत म्हणायचो. एक दिवस त्यांनी बोरू माझ्यापुढे सरकवला.

"बाई, तुम्ही सांगता त्यातलं निम्मं मी गाळतो आणि उरलेलं सजवतो. त्यापेक्षा तुम्हीच लिहा. निदान चुका तरी तुमच्या राहतील."

सहा महिन्यांत त्यांनी मला लिहायला शिकवले. मोबदला म्हणून त्यांना फक्त माझ्या अक्षराला नावे ठेवायची मुभा हवी होती.

आता प्रकरण. एका सरदाराच्या मुदपाकखान्यातली मोठी तांब्याची देग तळाशी फुटली म्हणून तांबटांच्या चौधरीकडे दुरुस्तीला दिली होती. चौधरी म्हणजे त्या आळीचा मुखिया. जातीचे तंटे त्याच्यापुढे मिटायचे, सरकारी काम त्याच्यामार्फत यायचे आणि कोणाला किती काम द्यायचे तेही तोच ठरवायचा. ती देग त्याच्या कारखान्यातून नाहीशी झाली. सरदाराचा कारभारी चावडीवर येऊन ओरडून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आळीतला एक माणूस खबर घेऊन आला. आळीत एक विधवा तांबटीण राहते, तिच्या मागच्या अंगणात पूर्वेच्या भिंतीशी कोळशाच्या राखेचा ढीग आहे, त्यात देग पुरली आहे, असे त्याने सांगितले. पुरताना तोंड खाली ठेवले आहे, हेही सांगितले.

तो गेल्यावर पंत म्हणाले, "चोरीचा माल उताणा आहे की पालथा, हे एक चोराला कळतं आणि एक ज्योतिषाला. हा ज्योतिषी दिसत नाही."

मी हसले आणि झडतीला निघाले. पंतांचे बोलणे बरोबर होते, पण आधी माल हाती घ्यायचा आणि मग विचार करायचा, अशी चावडीची रीत होती. ती रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. मालाला पाय फुटतात, विचाराला फुटत नाहीत.

तांबटांची आळी दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येते. तीस-चाळीस ऐरणी सकाळपासून चालू असतात. तिथे बोलायचे तर माणसाच्या कानाशी तोंड न्यावे लागते. तिथला माणूस चाळिशीत निम्मा आणि साठीत पुरा बहिरा होतो. मी दोन प्यादे आणि दोन पंच घेऊन आत शिरले तेव्हा तो गजर चालूच होता. आम्ही त्या बाईच्या दारापाशी पोचलो आणि कडी वाजवली. ती दारात आली, आणि शेजारची हातोडी थांबली. मग समोरची थांबली, मग पलीकडची. दहा श्वास घेईपर्यंत सगळी आळी गप्प झाली. मला माझ्या प्याद्याच्या वहाणांचा आवाज ऐकू आला.

मला वाटले, हे चावडीचे वजन. आमच्या काठ्या पाहून लोक थांबले. मला बरे वाटले, हे कबूल करते.

देग सांगितल्या जागी, सांगितल्या रीतीने सापडली. दोन प्यादे आणि एक पंच मिळून तिला बाहेर ओढत होते. ती विधवा पस्तिशीची असेल. उंच, रुंद खांद्यांची, उजवा दंड डाव्यापेक्षा जाड. नवरा गेल्यावर तीच ऐरणीवर बसत होती. तिने देगीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

आत तिचा सासरा ऐरणीजवळ जमिनीवर बसलेला होता. पुरता बहिरा, पायांत ताकद नाही. उजव्या हाताचा तळवा त्याने जमिनीवर टेकवून ठेवला होता. आम्ही सुनेला घेऊन निघालो तरी त्याने तो उचलला नाही.

चोरी शाबीत झाली असती तर तिला शहराबाहेर काढले असते. घर, भाता आणि ऐरण आळीच्या ताब्यात गेली असती. आळी म्हणजे चौधरी.

बायकांना बोलते करायची माझी एक पद्धत होती. मारले की बाई बोलते, पण खरे बोलेलच असे नाही. मी मारत नसे. कोठडीच्या पडवीत एक मोठे जाते होते. चावडीच्या प्याद्यांचे दळण तिथेच व्हायचे. आरोपी बाईला मी जात्यावर बसवायची आणि समोर स्वतः बसायची. एका खुंट्यावर दोघींचे हात आले की काही वेळाने दोघींचा ताल जमतो, आणि ताल जमला की माणूस बोलायला लागतो. खोटे बोलणाऱ्या बाईचा ताल मध्येच तुटतो. हे शास्त्र नव्हे, सवय आहे. पण वीस वर्षांत तिने मला दगा दिला नाही.

ही बाई दळायला लागली आणि पहिल्या पायलीतच माझा खांदा भरून आला.

"सावकाश," मी म्हटले. "ही तांब्याची परात नाही."

ती किंचित हसली. मग एकदम गंभीर झाली. "हसायची चोरी झालीये मला, जमादारीणबाई. हसले म्हणूनच तर सगळं झालं."

"कुणाला हसलीस?"

"चौधरीला."

मग तिने सांगितले. आठ महिन्यांपूर्वी चौधरीने एका बड्या घरचा हंडा करून दिला होता. न्यायला आलेल्या कारभाऱ्याने आळीतच पाणी भरून पाहिले. जोडाला पाणी झिरपले. चौधरी म्हणाला, नवीन भांड्याला घाम येतो.

"घाम येतो म्हणाला, बाई! तांब्याला! सगळ्या आळीने खाली माना घातल्या. मला नाही आवरलं. मोठ्यांदा नाही हो, एवढंसंच. पण मी त्याच्या कानाशीच उभी होते, ऐकू गेलं."

"मग त्याने काय केलं?"

"काही नाही. मला म्हणाला, 'हसा, वहिनी, हसा. हसरं घर लक्ष्मीला आवडतं.' दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन हौदावर निघाले आणि हातोड्या थांबल्या."

जाते तसेच फिरत होते. ताल तुटला नव्हता.

"कोण बोलत नाही, कोण शिवी देत नाही," ती म्हणाली. "मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की थांबतात आणि आत गेले की सुरू होतात. कोळसेवाली दारावरून पुढे जाते. कल्हईवाला म्हणतो, नवसागर संपलाय. शेजारणीच्या चुलीवर निखारा मागायला जावं तर चूल विझलेली, आणि वर धूर निघतोय. आमच्यात हातोडी फक्त मयताला थांबते, बाई. आळीत कुणी गेलं की तिरडी कोपऱ्यापलीकडे जाईस्तोवर सगळे थांबतात. नाहीतर सणालाही कुणाची ना कुणाची चालू असते. आता मी पाण्याला निघाले की थांबते. म्हणजे दिवसातून दोनदा माझी तिरडी निघते."

मी विचारले, "चावडीवर का आली नाहीस?"

"येऊन काय सांगू? लोक काम थांबवतात म्हणून? पंत मला पाणी देऊन घरी पाठवतील."

हे खरे होते. पंतांनी पाणीसुद्धा दिले नसते.

दळण संपल्यावर ती म्हणाली, "सासऱ्यांना कुणी भाकरी देणार नाही."

प्याद्याला पाठवता आले असते, पण मी स्वतः गेले. मला त्या अंगणाची भिंत पुन्हा पाहायची होती. आळीत शिरले, काठीवाला प्यादा बरोबर होता. गजर चालू होता. मी चौधरीच्या दारावरून गेले, त्या बाईच्या दारापर्यंत गेले, कडी काढून आत गेले. एकही हातोडी थांबली नाही. एका तांबटाने मला मानेने नमस्कार केला आणि ठोकत राहिला.

तिथे मला माझी चूक कळली. परवाची शांतता माझ्यासाठी नव्हती.

म्हातारा तसाच बसला होता, तळवा जमिनीवर. मी भाकरी पुढे ठेवली. तो आपणहून बोलायला लागला, बहिरी माणसे बोलतात तसे, मोठ्याने.

"जमीन चालू हाय आज. दोन दिस झाले, सारखी चालू हाय. म्हंजे सून न्हाई आळीत." त्याने माझा हात धरला आणि जमिनीवर टेकवला. खरोखर, फरशीतून ठोके येत होते. "मला ऐकू येत न्हाई, पण कळतंय. ती भाईर पडली की जमीन थांबते. लोकांस्नी वाटतंय म्हाताऱ्याला काय कळतंय."

ही जबानी मी त्याच्यासमोर बसून लिहिली. ऐकू न येणाऱ्या माणसाने दिलेली ऐकीव साक्ष, असे पंत नंतर म्हणाले. पण फाडली नाही.

चावडीवर परत आल्यावर मी देग अंगणात मधोमध ठेवली आणि आमच्यातल्या सगळ्यात दांडग्या प्याद्याला ती एकट्याने उचलायला सांगितली. त्याने तीनदा जोर लावला. तिसऱ्यांदा त्याच्या लंगोटाची गाठ सुटली आणि प्रयोग थांबवावा लागला. देग न्यायची तर दोन माणसे आणि एक बांबू पाहिजे. सासरा उठून उभा राहत नाही. मग दुसरे माणूस कोण? आळीतले कोणी तिला निखारा देत नव्हते, ते चोरीला खांदा देणार होते?

म्हणजे ज्याने तिला एकटे पाडले, त्यानेच नकळत तिची सुटका करून ठेवली होती. फक्त एकटे पाडले होते हे कुणीतरी कबूल करायला हवे होते. आणि आळीत कुणी काही केलेलेच नव्हते. मी बारा घरच्या जबान्या घेतल्या. बाराही घरांत एकच उत्तर मिळाले: "आम्ही काय केलं? आमची हातोडी, आमचा हात. दमलो, थांबलो."

तेरावी समोरच्या घरची बाई होती. त्या विधवेची लहानपणापासूनची मैत्रीण, एकाच गावची. तिला मी जात्यावर बसवले.

"तुझीही चूल विझलेली असते म्हणे," मी म्हटले.

तिचा ताल लगेच तुटला. "मालक म्हणतात, त्यांच्यात पडायचं नाही. चौधरी काम देतो आम्हांला."

"ती बाहेर पडली की तू काय करतेस?"

"मी काय करणार? मी बाई माणूस, मला कुठली हातोडी?" तिने उरलेले मूठभर दाणे जात्यात टाकले. "भाकरी थापत असले तर थापायची थांबते. कुणी सांगितलं नाही, बाई. सवय लागलीये."

"देग तिच्या अंगणात आली तेव्हा ती कुठे होती?"

"कल्हईला गेली होती, पार दुसऱ्या पेठेत. इथला कल्हईवाला करत नाही ना तिचं. दर सोमवारी जाते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि तू दारात होतीस."

दाणे संपले होते, जाते रिकामे फिरत होते. ती रडली नाही. चिडली.

"होते! बघितलं! दोघं होते, चौधरीच्या कारखान्यातले. भर दुपारी. बांबूवर पोतं टाकलेलं, पण तेवढं मोठं दुसरं काय असणार? बोळातून तिच्या मागच्या अंगणात गेले आणि हात झटकत आले. मीच काय, पंधरा घरांनी बघितलं."

"कुणी हटकलं नाही?"

"हातोड्या चालू होत्या, बाई," ती म्हणाली. "त्या वेळी एकसुद्धा थांबली नाही."

दुसऱ्या दिवशी कोतवालांनी चौधरीला बोलावले. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, मऊ आवाज. असा माणूस आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो. वाईट माणूस ओळखायची खूण म्हणून लोक डोळे बघतात, कपाळ बघतात. मी आजूबाजूची माणसे बघते. चौधरीबरोबर आळीतले चौघे आले होते, देगीची खबर आणणारा धरून. तो बसेपर्यंत त्यांतला एकही बसला नाही, आणि तो खोकला तेव्हा दोघांनी पाण्याकडे पाहिले.

कोतवालांनी विचारले, "त्या बाईला आळीने वाळीत टाकलं आहे काय?"

"छे छे!" चौधरीने कानाला हात लावला. "सरकारच्या परवानगीवाचून कुणाला वाळीत टाकायची आमची काय बिशाद? आळी म्हणजे एक घर. आमची सूनच ती."

"म्हणजे तिच्याकडे येणं-जाणं आहे? अडीनडीला लोक हात लावतात?" मी विचारले.

"लावणारच, बाईसाहेब. एकमेकांशिवाय तांबटाचं काम होतं का?"

"पंत, लिहिलंत?"

"शब्द न् शब्द," पंत म्हणाले. "शेवटचं वाक्य तर मी दोनदा लिहिणार होतो."

मग मी अंगणातली देग दाखवली. "ही एकट्याने उचलत नाही. सासऱ्याला उठायला भिंत लागते. तेव्हा आळीतल्या कुणी तिला हात लावला त्याचं नाव सांगा. दोन चोर धरायचे आहेत, एकच धरलाय."

चौधरीने चौघांकडे पाहिले. चौघांनी जमिनीकडे पाहिले. नाव घ्यावे तर आपलाच माणूस चोर ठरतो. कुणीच हात लावला नाही म्हणावे तर वाळीत टाकल्याचा गुन्हा पदरी येतो आणि वर तिच्यावरचा चोरीचा आळही मोडतो.

"बोरू वाळतोय, चौधरी," पंत म्हणाले.

तेवढ्यात मी समोरच्या बाईची जबानी वाचली. दोघे कारागीर बाहेर प्याद्यांच्या पहाऱ्यात होतेच. त्यांना आत आणले. त्यांनी कोतवालांकडे पाहिले नाही, चौधरीकडे पाहिले. चौधरी अतिशय दुःखी आवाजात म्हणाला, "पोरांनो, माझ्यावरच्या मायेपोटी हे परस्पर करून बसलात काय रे?"

त्यांतल्या मोठ्याने हात जोडले. "होय जी. आम्हीच केलं. मालकांना ठाऊक नव्हतं."

मी बराच प्रयत्न केला. दोघांना वेगळे ठेवले, बायकांना बोलावले. त्यापुढे ते सरकले नाहीत. त्यांना किल्ल्यावर दगड वाहायला पाठवले. चौधरीने मुचलका लिहून द्यावा, पुन्हा असे होऊ देणार नाही असे बांधून घ्यावे, एवढ्यावर त्याची सुटका झाली. दसरा जवळ आला होता, फौज बाहेर पडायची होती आणि लष्कराच्या सगळ्या देगी त्याच्या हाताखाली तयार होत होत्या. कोतवालांनी हे बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही.

मुचलक्याचे कलम लिहायची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, आळीची नाडी तुम्हांला सापडली आहे. तुम्हीच लिहा."

मला फार आनंद झाला. मी लिहिले: सदरहू बाईच्या घरासमोर, अगर ती येता-जाता, आळीतील कोणीही कोणत्याही कारणाने हातोडी थांबवू नये. थांबवल्यास चौधरीने जाब द्यावा.

पंतांनी वाचले. "'कोणत्याही कारणाने' हवंच का?"

"हवंच. नाहीतर रोज एक नवं कारण काढतील. दमलो, तहान लागली, हात भरून आला."

"तुमची मर्जी," पंत म्हणाले आणि शिक्का पुढे केला. आळीत दवंडी पिटली. बाई घरी गेली. मी तिला पोचवायला गेले तेव्हा ती दारात उभी राहिली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. हातोड्या चालू राहिल्या. तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. मला वाटले, झाले.

त्यानंतर मी दोन-तीनदा चौकशी केली. हातोड्या थांबत नव्हत्या. बाकी सगळे पूर्वीसारखेच होते. कोळसेवाली पुढे जात होती, कल्हईला ती दुसऱ्या पेठेतच जात होती. ती कुणाशी बोलायला थांबली की समोरचा ठोकत राहायचा. तिने काही विचारले तर कानाकडे बोट दाखवून मान हलवायचा, हुकूम आहे, थांबता येत नाही. पण चोरी नव्हती, तक्रार नव्हती. मी दुसऱ्या कामांना लागले.

होळी झाल्यावर एका सकाळी समोरच्या घरची ती बाई धापा टाकत चावडीवर आली.

"म्हातारबाबा गेले. खांदा द्यायला माणसं नाहीत."

चार प्यादे घेऊन मी निघाले. दोन गल्ल्या अलीकडूनच गजर ऐकू आला आणि माझे पाय थांबले. प्याद्याला वाटले, मी दमले.

आळीतली एकही हातोडी थांबलेली नव्हती. प्रेत उंबऱ्याच्या आत होते, सून दारात उभी होती. सत्तर वर्षे तो म्हातारा त्या आळीत ठोकत होता. किती मयतांना त्याने स्वतःची हातोडी थांबवली असेल.

मी चौधरीकडे गेले. तो ऐरणीवर होता. मी ओरडून म्हटले, "थांबवा."

त्याने ठोकणे चालू ठेवले. मला त्याच्या तोंडापाशी वाकावे लागले.

"कसं थांबवू, बाईसाहेब?" तो म्हणाला. आवाजात तीच मऊ काळजी होती. "मुचलका आहे. तिच्या घरासमोर, कोणत्याही कारणाने. आम्ही अडाणी माणसं, सरकारी कागदाला भितो. आमची तर इच्छा आहे. आपण दुसरा कागद शिक्क्यानिशी आणा, या क्षणी थांबवतो."

कोतवाल त्या दिवशी शहरात नव्हते. शिक्का त्यांच्याबरोबर होता. माझ्या तोंडी शब्दावर थांबवा, मी बघून घेते, असे मी म्हटले. तो हसला. पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिले.

"तोंडी शब्दाचं काय घेऊन बसलात? लिहिलेलं आहे ना आपलं."

मी परत आले. प्यादे तिरडी बांधत होते. म्हातारा जिथे बसायचा तिथे मी खाली बसले आणि तळवा टेकवला. जमीन चालू होती.

सुनेला मी काही सांगायला गेले नाही. तिने सगळे पाहिले होते. ती प्याद्यांना म्हणाली, "उचला. उशीर नको." तिरडी त्या गजरातून गेली. आळीत नजर वर करून कुणी पाहिले नाही. समोरच्या घरची बाई मात्र कोपऱ्यापर्यंत मागून चालत आली. तिच्या नवऱ्याने हाक मारली असेल, ऐकू आली नाही.

महिन्याभरात त्या बाईने घर सोडले. घराला गिऱ्हाईक एकच होते, ते कोण हे सांगायला नको. ऐरण तिने विकली नाही. ती गाडीवर चढवायला चार माणसे लागतात. माणसे मी चावडीतून दिली. ती कुठल्या गावी गेली हे मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. ठोकते अजून, असे ऐकते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. त्यांना वाटते, मी चौधरीबद्दल काही सांगेन. त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. असे चौधरी प्रत्येक पेठेत, प्रत्येक हौदावर, चार जावांच्या प्रत्येक घरात असतात. त्यांना स्वतःच्या हाताने फारसे काही करावे लागत नाही. बाकीचे चाळीस जण इतके थोडे थोडे करतात की त्यांतले कुणाचेच कलमात पकडता येत नाही. भाकरी थापायची थांबणाऱ्या बाईला मी कोणता गुन्हा लावणार होते?

मी शिकले ते दुसरेच, आणि ते फार साधे आहे. ते कलम मी कोतवालांना वाचून दाखवले, पंतांना दाखवले, चौधरीला तर दोनदा वाचून दाखवले, सही घ्यायची होती म्हणून. जिच्यासाठी लिहिले तिला वाचून दाखवले नाही. ती दहा हातांवर कोठडीत बसली होती आणि किल्ली माझ्या कमरेला होती. वाचले असते तर तिने लगेच विचारले असते, "आणि मयताला?" जात्यावर तिने मला हे सांगितलेही होते. मी ते लिहून घेतले होते. पुढे दहा वर्षे मी कुठलाही कागद आधी त्याच माणसाला वाचून दाखवला ज्याचे त्यात रक्षण होते. पंत म्हणायचे, वेळ फुकट जातो. जाऊ दे म्हणायची.

त्या बाईच्या घरात आता चौधरीचा मुलगा राहतो. कलम रद्द करून घ्यायला कुणी चावडीवर आले नाही, आणि ती गेल्यावर मलाही तशी गरज वाटली नाही. ते दफ्तरात अजून आहे. शिक्का कोतवालांचा आहे, अक्षर माझे.